खाटल्यामागचे तीन चोर

चैत्र अर्धा सरला की हिंगणघाटात गच्ची पुन्हा घरात मोजली जाते. संध्याकाळी सहाला मी बादल्या वर नेतो आणि तापलेल्या सिमेंटवर पाणी मारतो. पहिली बादली चर्र करून नाहीशी होते, दुसरी थोडी रेंगाळते, तिसरीला कुठे गच्ची नरम पडते. मग तो वास येतो. ओल्या सिमेंटचा, शेजारी वाळत घातलेल्या कुरडयांचा, खालच्या कुलरमध्ये नव्याने भरलेल्या वाळ्याचा. यंदाही तो आला आणि मी बादली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मागच्या उन्हाळ्यात याच वासात बसून मी आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा संशय घेतला होता.

संशय तसे मी पुष्कळ घेतले आहेत. पोटासाठी घेतले. तीस वर्षं मी जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. आधी बैलबंड्या यायच्या, पुढे ट्रॅक्टर आले, आणि त्यातल्या कापसाची प्रत मी ठरवायची. वरचा कापूस कोणीही पाहतो. पांढरा, फुललेला, कोरडा. तो दाखवण्यासाठीच वर असतो. ग्रेडरने पाहायचं ते खालचं. मी कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत हात घालायचो आणि गाडीच्या पोटातला कापूस ओढून काढायचो. तिथे ओलावा सापडायचा, कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस सापडायचा, एकदा तर भिजवलेलं अख्खं पोतं सापडलं. समोरचा माणूस जास्तच गोड बोलत असेल तर हात आणखी खोल घालायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बहुतेक गाड्या वरून खालपर्यंत सारख्याच असत, हे मात्र आज आठवतं. तेव्हा लक्षात राहायच्या त्या दुसऱ्याच.

मी निवृत्त झालो, हात निवृत्त झाला नाही. भाजीच्या टोपलीत तो आधी तळाला जातो. लग्नपत्रिका आली तर पाकीट उलटून पाहतो. माझी बायको शीला म्हणते, "तुम्हाले कोणी फूल देल्लं तरी तुम्ही आधी देठ पाह्यसान." मी पाहतोच. देठावरूनच फूल कधी तोडलं ते कळतं.

आणि हे केवळ नोकरीचं नसावं. आमच्याकडे उत्तरेच्या त्या सात ताऱ्यांचं सप्तर्षी हे पुस्तकातलं नाव शाळेत गेल्यावर कळतं. त्याआधी ते बुढीचं खाटलं असतं. चार तारे म्हणजे खाटल्याचे चार खूर, आणि मागे तिरपे उभे तीन तारे म्हणजे तीन चोर. बुढीचा डोळा लागला की चोर खाटलं पळवणार, म्हणून ती झोपत नाही. माझा बाप जिनिंगमध्येच मजूर होता. उन्हाळ्यात तो केसांत रुईचे तंतू घेऊन घरी यायचा, जेवून अंगणात आडवा व्हायचा आणि बोट वर करून मोजायचा. "तिन्ही आहेत बरं," असं म्हणायचा आणि मग निवांत कूस बदलायचा. तिन्ही दिसतात तोवर खाटलं शाबूत. म्हणजे आकाशाकडे बघायला मी शिकलो तेच मुळी पाळत ठेवण्यासाठी.

आता मागच्या उन्हाळ्याचं.

निखिल, आमचा एकुलता एक मुलगा, अकरा वर्षांपासून हाँगकाँगला नोकरीला आहे. तिथल्याच वायलिंगशी त्याने लग्न केलं. त्यांची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आमच्यासाठी ती मैत्री, तिकडच्या शाळेत तिचं नाव वेगळं. दोन नावांची माणसं मला कामावरही भेटायची आणि त्यांची गाडी मी दोनदा तपासायचो. ते इकडे आले ते एकदाच, पोरगी सहा महिन्यांची असताना. वायलिंग चार दिवस राहिली, हसली, मान हलवली, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. कोणत्या सुनेला पहिल्याच खेपेला आमच्या तिखटाची भाजी आवडते? मी तेव्हाच मनात नोंद केली होती.

निखिलची पाळी रात्रीची, म्हणून फोन करायची ती वायलिंग. आमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे नऊ. रोज, न चुकता. हेच मला खटकायचं. सून आपणहून रोज सासूसासऱ्यांना फोन कशाला करेल? माझं पाणी मारून झालेलं असायचं, बादली उलटी घालून तिच्यावर फोन टेकवलेला असायचा, आणि पडद्यात एका अरुंद पलंगावर त्या दोघी. शीलाचं आणि माझं इंग्रजी कामापुरतं, तिचंही जपून वापरलेलं. जेवलात का, ऊन किती, पोरीला खोकला आहे. मग मध्येच त्या दोघी आपसांत त्यांच्या भाषेत बोलायच्या, कँटोनीजमध्ये, आणि मी कान टवकारायचो. कळायचं काहीच नाही. समोर माल उघडा पडलाय आणि हात घालता येत नाही, अशी ती अवस्था.

मग मी शीलाशी बोलायचो. तिथेच, पडद्यासमोर, ओठ फार न हलवता.

"पाह्य, आज कशी गोड बोलून राह्यली. काईतरी काम असन."

"हळू बोला नं," शीला म्हणायची.

"हिले कुठं समजते? पोरीले आपल्यापासून तोडून राह्यली हे. मराठीचा एक शब्द शिकवत नाई तिले."

"निखिल शिकवते म्हणे."

"म्हणे."

असं बोलून झालं की मी पडद्याकडे बघून हसायचो. तीही हसायची. पाच मिनिटं झाली की मी 'ओके, बाय' म्हणून फोन कापायचो. पश्चिमेला ऊन तेव्हा अजून हायवेच्या पुलाच्या कठड्यावर असायचं.

एके दिवशी मैत्रीने माझ्याकडे, म्हणजे माझ्या मागे कुठेतरी, बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. वायलिंगने उत्तर दिलं. दोघी हसल्या, पोरगी तर पलंगावर लोळून हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोट, तोच प्रश्न, तेच हसणं. तिसऱ्या दिवशी फोनच्या आधी मैत्रीचा एक आवाजी निरोप आला, जेमतेम बारा सेकंदांचा, मागे आईचा आवाज आणि शेवटी पुन्हा हसू. आता पुरावा हातात होता. मी शीलाला न सांगता निखिलला लिहून पाठवलं, 'आमच्यावर हसायचं असेल तर फोन करू नका.'

फोन बंद झाले.

तीन आठवडे साडेसहाला बादली उलटी असायची आणि तिच्यावर काही नसायचं. निखिल रविवारी शीलाच्या फोनवर दोन मिनिटं बोलायचा, मला विचारायचा नाही. शीलाने मला एकदाच विचारलं, काय लिहिलं होतं. मी सांगितलं. ती खाली गेली आणि कुरडयांचा चीक ढवळत बसली. त्या दिवसांत मला माझीच नात परकी वाटू लागली होती, आणि तसं वाटणं माझं माझ्याच हाताने झालंय का, हा विचार मी जवळ येऊ देत नव्हतो. मला वाटत होतं ते एवढंच की आपला संशय खरा निघाला पाहिजे. खरा निघाला तर निदान आपण चुकलो नाही.

म्हणून मी कँटोनीज शिकायला बसलो. प्रेमापोटी नाही. पंचनाम्यासाठी.

फोनवर लहान मुलांना शिकवणाऱ्या एका बाईच्या चित्रफिती सापडल्या. बाराखडीच्या जागी चित्रं, आणि चित्रावर बोट ठेवून ती शब्द तीनदा म्हणायची. फळं झाली, रंग झाले, त्यांतलं काहीही त्या बारा सेकंदांत नव्हतं. मग आकाशाचा धडा आला. बाईने काळ्या कागदावर चांदणी चिकटवली आणि म्हटलं, सिंग. मी खुर्चीत सरळ बसलो. हा आवाज माझ्या नमुन्यात होता. दोनदा, जोडून, सिंग-सिंग.

तेव्हापासून रोज दुपारी, शीला झोपली की, मी कुलरच्या घरघरीत कानात वायर घालून तारे पाठ करू लागलो. बाहेर पारा पंचेचाळिशीत, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि मी जिनिंगच्या जुन्या डायरीत रात्रीचे शब्द उतरवतोय. आकाश म्हणजे थिन. पडता तारा म्हणजे लाऊ-सिंग, वाहता तारा. आकाशगंगेला ते चांदीची नदी म्हणतात, ङान-हो; पहिलं अक्षर नाकातून काढताना मला दर वेळी शिंक यायची. चंद्राला युत-क्वोंग, म्हणजे शब्दशः चंद्राचा उजेड. माल आणि मालाची चमक यांना एकच नाव. ग्रेडर म्हणून मला हे पटलं नाही. शेंडेनक्षत्राला ते झाडूतारा म्हणतात, आणि अपशकुनी माणसालाही तेच म्हणतात असं बाईने हसत सांगितलं. मी लगेच बारा सेकंद पुन्हा ऐकले. झाडूतारा त्यात नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. मी थोडा निराशच झालो.

आणि मग आमचं खाटलं आलं. बाईने सात चांदण्या चिकटवल्या, तोच आकार, आणि म्हणाली, पाक-ताऊ-सिंग. उत्तरेचा डाव, आमटी वाढायचा. ताऊ हे धान्य मोजायचं मापही आहे म्हणे, आपल्या पायलीसारखं. मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो. तेच सात तारे. आमच्या लोकांनी त्यांत चोर पाहिले, त्यांच्या लोकांनी माप पाहिलं. तिथेही चोर नसतील असं नाही, पण आकाशात तरी त्यांनी कोणाला पकडायला ठेवलं नव्हतं.

एक दिवस शीला झोपलेली नव्हती. तिने माझ्या कपाटाच्या खणात, अगदी तळाशी, हात घातला. चाळीस वर्षांचा संसार आहे, हात तिलाही घालता येतो. संध्याकाळी ती डायरी घेऊन गच्चीवर आली आणि बादलीवर बसली.

"हे काय आहे?"

"काई नाई."

"सिंग सिंग. थिन. युत क्वोंग. रोज दुपारी डोये मिटून पुटपुटता. मी पाह्यलं दारातून." तिचा आवाज खाली आला. "कोण्या बाबाच्या नादी लागले का तुम्ही? आपल्या घरात मंतर? बुद्धवंदनेले बसा म्हणलं तर तुमचे गुडघे दुखते, अन् हे जमते?"

मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आरोपी होतो. तिच्यासमोर मी चांदणी म्हणजे सिंग, आभाळ म्हणजे थिन असं घडाघडा म्हणून दाखवलं, आणि पुराव्यादाखल ते बारा सेकंद ऐकवले. ये-ये म्हणजे आजोबा, हे तर मैत्री मला आधीपासून म्हणायची. थिन-हाक म्हणजे अंधार पडणं. मेइ म्हणजे अजून नाही. मग आईच्या आवाजात थाय-योंग, सूर्य. कापसाची चिमूट ओढून धागा काढावा तसे मी शब्द एकेक काढून तिच्यासमोर मांडले. आजोबा. अंधार पडला का. सिंग-सिंग. आणि मग आई, अजून नाही, सूर्य. आणि मग हसू.

मला ते जुळत होतं आणि पटत नव्हतं. इतकं साधं कसं असेल? खाली काहीतरी असलंच पाहिजे.

शीला पश्चिमेकडे बघत होती. तिथे अजून ऊन होतं.

"पोरगी झोपाले चालली अन् आजोबाच्या मागं सूर्य," ती म्हणाली. "हसन नाई तर काय? तिले तारे पाहाचे असन. निखिल सांगत असन, आमच्या गच्चीवरून दिसते म्हणून." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "अन् तुम्ही रोज उजेडातच फोन कापता."

त्या वाक्यानंतर मी पाणी मारायला उठलो. गच्ची आधीच ओली होती.

शनिवारी, पोरीला दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती तेव्हा, मी साडेसात वाजेपर्यंत थांबलो. पुलावरचं ऊन गेलं, हायवेचे दिवे लागले, उत्तरेला खाटलं वर आलं. तिन्ही चोर होते. मग मी स्वतः फोन लावला. वायलिंगने उचलला. मी माफी वगैरे मागितली नाही. ती भाषा मला कोणत्याच भाषेत येत नाही. मी म्हणालो, "थिन-हाक." चढउतार सगळे चुकले असणार. ती हसली नाही. मग शीलाला, सवयीने, ओठ न हलवता म्हणालो, "राग धरून बसली वाट्टे."

"मले समजते, बाबा," वायलिंग म्हणाली.

आमची बोली, हाँगकाँगचे चढउतार घेऊन. मला वाटलं निखिल मागे आहे. तो नव्हता.

"तुम्ही आईसंग बोलता ते. निखिलनं शिकवलं मले, लगन झाल्यावर. सगळं नाई समजत. पण समजते. पयलेपासून."

शीलाने पदर तोंडाला लावला. मी पडद्याकडे पाहत होतो आणि मला एकेक वाक्य आठवत होतं. काम असन. तोडून राह्यली हे. हिले कुठं समजते. दिवसामागून दिवस, त्या उलट्या बादलीवरच्या फोनसमोर मी ते बोललो होतो, आणि तिने ते ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा फोन केला होता. माझ्या समोर आपल्या भाषेत ती बोलत होती ते ताऱ्यांबद्दल. तिच्यासमोर माझ्या भाषेत मी बोलत होतो ते तिच्याबद्दल. इतक्या वर्षांत मी हजारो गाड्यांच्या तळाला हात घातला. माझ्या तळाला कोणीतरी इतके दिवस हात ठेवून गप्प बसलं होतं. ओल मला कळली. लाज वाटली, सरळ सांगतो.

"पोरीले बोलाव," एवढंच मी म्हणू शकलो. "तारे आले."

मैत्री धावत आली. मी फोन उत्तरेकडे उलटा केला. पलीकडून मैत्री म्हणाली, "मोऊ." नाही. मी फोन आणखी उंच धरला. मोऊ, मोऊ. शीलाने पाहिलं, पडद्यावर नुसता काळा चौकोन होता. डोळ्यांना सातही तारे दिसत होते आणि फोनला एकही नाही. पोरगी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, तिचा एकच डोळा दिसत होता, आणि बापाने शिकवलेल्या मराठीत स्पष्ट म्हणाली, "आजोबा, खोटं."

"खोटं नाही गं. आहेत. फोनमधून दिसत नाहीत, एवढंच."

तिने आईला काहीतरी सांगितलं. वायलिंगच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा काहीतरी हललं. "इश्वास नाई म्हणते तिचा. सोता येऊन पाहाचं म्हणते."

शीला इतकी हसली की तिला बादलीवर बसावं लागलं. "घ्या," ती म्हणाली, "तुमचीच आहे."

त्यानंतरचं वर्षभर माझा संशय संपला असं कोणी समजू नये. तो फक्त दिशा बदलून माझ्याकडे आला. वायलिंगला नेमकं किती समजलं असेल, हे मी रात्री पडल्या पडल्या मोजायचो. तिखटाच्या भाजीबद्दल मी काय म्हणालो होतो? एकदा शीलाला विचारलं. ती म्हणाली, "जितकं लागाचं तितकं लागलं असन." फोन पुन्हा रोज येऊ लागला. मी शीलाशी पडद्यासमोर बोलणं सोडून दिलं आणि तेव्हा लक्षात आलं की त्याशिवाय माझ्याजवळ बोलायला फारसं काही नव्हतं. मग मी शब्द विचारू लागलो. वायलिंग सांगायची, मी डायरीत लिहायचो, ती माझे उच्चार दुरुस्त करायची. ती हसायची. मी खाली काही शोधायचो नाही, निदान तसा प्रयत्न करायचो.

पोरीची मोठी सुट्टी आमच्या पावसाळ्यात पडते, तेव्हा आभाळ महिनाभर तोंड दाखवत नाही. म्हणून ते एप्रिलच्या छोट्या सुट्टीत आले आहेत. काल आले, पोरगी नागपूरहून येताना गाडीतच झोपली. आज सकाळपासून ती सूर्यावर लक्ष ठेवून होती. आणि मी ढगांवर. दुपारी पूर्वेला एक पांढरा पुंजका दिसला तर त्याला मी संध्याकाळपर्यंत नजरेआड होऊ दिलं नाही.

साडेसात झाले. निखिल गाद्या वर आणतोय. मैत्री गच्चीच्या मधोमध उभी आहे, मान मागे टाकून. टाळ्या नाहीत, उड्या नाहीत. बोट वर करून तिने मोजलं, सातपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. मी तिला खाटलं सांगितलं. खूर दाखवले. हे तीन चोर.

"चोर काय करतात?" तिने विचारलं.

"बुढी झोपायची वाट पाहतात."

ती त्या तीन ताऱ्यांकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिली. मग आईजवळ गेली आणि कानात काहीतरी बोलली. सिंग-सिंग ऐकू आलं, ये-ये ऐकू आलं, मधलं सगळं सुटलं. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. डायरी खाली खणात होती. मी ती आणायला गेलो नाही.

मी शीलाकडे वळलो. जुन्या सवयीने ओठ मिटून बोलणार होतो, पण थांबलो, आणि पलीकडच्या गच्चीवरही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "सून चांगली भेटली आपल्याले. मीच उगाच तळाले हात घालत बसलो."

वायलिंग गादीवर चादर अंथरत होती. तिने मान वर केली नाही. चारही कोपरे नीट खोचून झाल्यावर म्हणाली, "मले समजते, बाबा."